एका आकड्याचा मोह: गेमिंग पीसीच्या तोलाची गोष्ट

आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात. ‘सीपीयूवरची धूळ पूस’, ‘सीपीयू दुकानात नेऊन दाखव’. खरं तर सीपीयू म्हणजे त्या डब्यातली, तळहातावर सहज मावणारी एक चिप. मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, पंखे या सगळ्यांना मिळून एकाच भागाचं नाव देऊन आपण मोकळे झालो. बोलायला ते सोयीचंही आहे. पण मला त्यात कॉम्प्युटरच्या बाजाराची एक जुनी खोड दिसते: अख्खं मशीन एका भागाच्या नावावर आणि त्या भागाच्या एका आकड्यावर विकायचं.

ही खोड अजून गेलेली नाही. गेमिंग पीसी घेऊ पाहणारी ओळखीतली मुलं मला पार्ट्सच्या याद्या पाठवतात, ‘दादा, एकदा नजर टाक ना’ म्हणून. कुणी पहिल्या नोकरीतले वर्षभराचे पैसे साठवलेले असतात, कुणाच्या आईनं भिशी लावलेली असते. यादी लाख-दीड लाखाची. त्यात प्रोसेसर सगळ्यात वरचा, आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत येता येता पैसे संपलेले. किंवा कार्ड एकदम राजेशाही, आणि त्याला वीज देणारा पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत फुकट आलेला. नाकापेक्षा मोती जड. या मुलांना कळत नाही असं मुळीच नाही, ती माझ्यापेक्षा जास्त रिव्ह्यू बघतात. पण गेली चाळीसहून अधिक वर्षं बाजारानं खरेदीदाराला एकच आकडा बघायला शिकवलंय, आणि दर काही वर्षांनी तो आकडा तेवढा बदललाय. ही गोष्ट एकदा नीट समजली की यादीकडे बघायची नजर बदलते.

सुटे भाग आले कुठून?

मुळात आपण पार्ट निवडून मशीन जोडू शकतो, हेच थोडं अपघातानं घडलं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथं डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या एका छोट्या टीमनं तो साधारण वर्षभरात उभा केला होता. घाई होती, म्हणून सगळं घरात बनवण्याऐवजी बाजारात तयार मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. बाहेरच्या कंपन्यांनी जोडायची कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमनं मशीनच्या सर्किटचे नकाशेसुद्धा छापून विकायला ठेवले.

त्या पहिल्या पीसीतला प्रोसेसर होता इंटेल ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. आतून तो १६ बिटांचा, पण बाहेर मेमरीशी बोलताना मात्र ८ बिटांचा. इंटेलकडे दोन्हीकडून १६ बिटांचा ८०८६ होता. तरी आयबीएमनं ८०८८ घेतला, कारण त्याच्याभोवती लागणाऱ्या ८ बिटांच्या चिपा स्वस्त होत्या आणि सहज मिळत होत्या. म्हणजे पहिल्याच पीसीत प्रोसेसर मेमरीची वाट बघत बसायचा! पण ही तडजोड डोळे उघडे ठेवून, खर्चाचा हिशेब मांडून केलेली होती. तोल म्हणजे सगळं सगळ्यात भारी घेणं नव्हे. कुठं काटकसर केली आणि तिची किंमत कुठं मोजावी लागणार, हे माहीत असणं म्हणजे तोल.

नकाशे खुले असले तरी ‘बायॉस’ या मूळ प्रोग्रामवर आयबीएमचा हक्क होता. कॉम्पॅक कंपनीनं त्याची नक्कल न करता, तेच काम करणारा प्रोग्राम स्वतः नव्यानं लिहून घेतला आणि नोव्हेंबर १९८२मध्ये आपलं मशीन जाहीर केलं. पुढे फिनिक्स कंपनी असा बायॉस इतरांनाही विकू लागली आणि ‘क्लोन’चा पूर आला. कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही कंपनीच्या भागाला जोडता येऊ लागला.

भारतात हा पूर जरा उशिरा पोचला. १९८४च्या कॉम्प्युटर धोरणानं आयातीचे नियम सैल केले. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि त्यात मोडणाऱ्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणायचं ठरलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड अशा बाजारांत ‘असेंबल्ड’ हा शब्द रूढ झाला. ब्रँडेड मशीनपेक्षा स्वस्त आणि आपल्या मर्जीचं. पण मर्जी वापरायची तर माहिती लागते. ती नसली की काउंटरवर एकच प्रश्न उरतो: ‘सगळ्यात फास्ट कोणता?’

मेगाहर्ट्झची शर्यत

या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं मेगाहर्ट्झ. मार्च २०००मध्ये एएमडीच्या ॲथलॉननं १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, आणि दोनच दिवसांत इंटेलनंही आपला तेवढ्याच वेगाचा पेंटियम थ्री आणला. नोव्हेंबर २०००मध्ये पेंटियम फोर आला. त्याची रचनाच मुळी घड्याळाचा वेग चढवत नेता यावा अशी केली होती. दर ठोक्याला तो आधीच्या पेंटियमपेक्षा कमी काम करायचा, पण ठोके भराभर मारायचा. पाटीवर मात्र फक्त ठोके छापले जात.

खरी गंमत पुढे आहे. पेंटियम फोर सेकंदाला ३.२ जीबी डेटा ये-जा करू शकेल अशा रस्त्यावर बसवला होता. तो रस्ता भरून वाहील अशी रॅमबस मेमरी सुरुवातीला त्याच्यासोबत होती, पण ती महाग. म्हणून २००१च्या सप्टेंबरात इंटेलनं जुनी स्वस्त एसडीरॅम चालेल असा ८४५ चिपसेट आणला. ती मेमरी सेकंदाला जेमतेम १ जीबी देऊ शकायची. म्हणजे तीन पदरी रस्ता, आणि टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी. डब्यावर ‘पेंटियम फोर’चं स्टिकर आणि गिगाहर्ट्झचा आकडा मात्र तोच. मेमरी कुठली, हे स्टिकरवर नव्हतंच.

हे सगळं आधी कुणाला माहीत नव्हतं असं नाही. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञानं १९६७ सालीच मांडलं होतं, की कामाचा एक भाग तुम्ही कितीही वेगवान करा, उरलेला भाग तेवढाच संथ राहिला तर एकूण वेगाला त्याचीच मर्यादा पडते. कामाचा दहावा हिस्सा जर जागचा हलत नसेल, तर बाकीचं सगळं चुटकीसरशी झालं तरी एकूण काम दहापटीपलीकडे वेगवान होत नाही. १९९५ साली विल्यम वुल्फ आणि सॅली मकी यांनी एका छोट्या लेखात बजावलं, की प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्यानं वाढतोय आणि लवकरच आपण एका भिंतीवर आदळणार. ‘मेमरी वॉल’ हा शब्द त्या लेखामुळे रुळला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बाजारानं मात्र आकडा सोडला नाही. एएमडीचा ॲथलॉन एक्सपी कमी ठोक्यांत जास्त काम करायचा, तरी ग्राहक ठोकेच मोजतो म्हणून १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला कंपनीनं ‘१८००+’ असं नाव दिलं. शेवटी उष्णतेनं शर्यत संपवली. २००४ साली इंटेलनं पेंटियम फोरचा ठरलेला वारस रद्द केला. ४ गिगाहर्ट्झची आवृत्तीही रद्द झाली. त्या वर्षी एका जाहीर कार्यक्रमात कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याबद्दल मंचावर गुडघे टेकून गमतीत माफी मागितली. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला.

मग ग्राफिक्स कार्डाचे जीबी

तोवर गेमिंगचं केंद्र प्रोसेसरवरून हललं होतं. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं. ते फक्त थ्रीडी चित्र काढायचं. साध्या चित्रासाठी वेगळं कार्ड लागायचं आणि दोन्हींना बाहेरून वायरनं जोडावं लागायचं. त्यावर मेमरी होती ४ एमबी. तरी ‘क्वेक’सारखा खेळ त्यावर बघितलेला माणूस पुन्हा नुसत्या प्रोसेसरवर खेळायला तयार होत नसे. १९९९ साली एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६नं आकृत्या फिरवण्याचं आणि प्रकाशाचं गणितही प्रोसेसरकडून स्वतःकडे घेतलं. ‘जीपीयू’ हा शब्द त्याच्या जाहिरातीतून घरोघरी पोचला.

काम हललं, तसा आकडाही हलला. आता दुकानात विचारणा सुरू झाली, ‘किती जीबीचं कार्ड?’ २०१४ सालची दोन कार्डं घ्या. जीटी ७३० हे स्वस्तातलं कार्ड डीडीआर३ मेमरीसह ४ जीबीमध्येसुद्धा मिळायचं. जीटीएक्स ७५० टीआय साधारण २ जीबीचं. पण पहिल्याची मेमरी सेकंदाला ३० जीबीसुद्धा देत नसे, दुसऱ्याची ८६ जीबी द्यायची, आणि चित्र काढणारी चिपही दुसऱ्याचीच कितीतरी ताकदवान. खेळात दुसरं कार्ड पहिल्याला मागे टाकायचं. तरी ‘चार जीबी कार्ड’ ऐकून पहिलं घेणारे भरपूर होते. गोदाम दुप्पट मोठं, पण दार खिडकीएवढं.

याचा अर्थ जीबीला काहीच अर्थ नाही असाही नव्हे. २०२३ साली आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं. चिप दोन्हींत तीच. बऱ्याच खेळांत दोन्ही सारखीच चालतात, पण जड टेक्स्चर असलेल्या काही नव्या खेळांत ८ जीबीचं कार्ड अडखळतं. आकडा खोटा नसतो, तो एकटा असतो. बाकीच्या भागांशी त्याचं नातं काय, हे तो सांगत नाही.

वॉट: न दिसणारा आकडा

जीफोर्स २५६ला वेगळी वीज लागत नसे, मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळेल तेवढी पुरायची. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सनं चार चिपांचं व्हूडू ५ ६००० बनवलं. त्याची भूक इतकी, की त्याला डब्याबाहेर ठेवायचा स्वतंत्र पॉवर सप्लाय द्यावा लागणार होता. ते कार्ड विक्रीला आलंच नाही, आणि २०००च्या डिसेंबरात कंपनीनं आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं ठरवलं. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९०ची ठरलेली भूक ४५० वॉट आहे. ते कार्ड आल्यावर काही आठवड्यांतच त्याच्या वीजजोडणीचा प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत बसला नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं, आणि पुढे त्या जोडणीची रचना सुधारावी लागली. लाखाच्या वरचं कार्ड, आणि सगळा भार एका नीट न बसलेल्या प्लगवर.

आपल्याकडच्या याद्यांत पॉवर सप्लाय शेवटच्या ओळीत असतो, कारण त्यानं एकही फ्रेम वाढत नाही. पण त्याच्यावर छापलेला ‘५०० वॉट’ हाही एकटाच आकडा आहे. त्यातले किती वॉट १२ व्होल्टच्या लाइनवर मिळतात ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच वीज घेतात. २००४ पासून ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र सुरू झालं, ते कार्यक्षमता सांगतं. तेही पुरेसं नाही, पण निनावी डब्यापेक्षा पुष्कळ बरं.

सरासरीनं लपवलेलं

एक आकडा असा आहे, ज्यावर गेमर मंडळींचा पक्का विश्वास: एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी त्यालाही आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं, की सेकंद हे माप डोळ्यासाठी फार मोठं आहे. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते बघा.

हिशेब सोपा आहे. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत आली असं आपण धरतो. पण समजा ५९ फ्रेम १० मिलिसेकंदांत आल्या आणि एक ४१० मिलिसेकंद अडकली. बेरीज १००० मिलिसेकंद, सरासरी तीच ६०. मात्र खेळताना चित्र जवळपास अर्धा सेकंद गोठलं, आणि तेवढ्यात समोरच्यानं तुम्हाला उडवलं. आजच्या रिव्ह्यूमध्ये दिसणारा ‘१% लो’ हा आकडा याच विचारातून आला. माझ्या मते तोल दाखवणारा हाच खरा आरसा. सरासरी उंच आणि १% लो खोल गेलेला असेल, तर मशीनमध्ये कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

मेमरीच्या भिंतीवर गेमिंगपुरता एक छान उपाय २०२२ साली आला. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच्या साध्या भावापेक्षा, म्हणजे ५८००एक्सपेक्षा, किंचित कमी वेगाचा होता, ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. पण चिपवर थर चढवून त्याची कॅश मेमरी ३२ वरून ९६ एमबी केली होती. प्रोसेसरला लागणारा डेटा हाताशीच असल्यामुळे वाट बघणं कमी झालं, आणि बहुतेक खेळांत हा ‘हळू’ प्रोसेसर पुढे निघाला.

यादी करताना

आता यादीकडे. मी सुरुवात नेहमी मॉनिटरपासून करतो. प्रोसेसर प्रत्येक फ्रेमची तयारी करतो: कोण कुठं उभा आहे, गोळी कुठं लागली. कार्ड ती फ्रेम रंगवतं. दोघांपैकी जो हळू, त्याचाच वेग तुम्हाला दिसतो. प्रोसेसर सेकंदाला ९० फ्रेम तयार करत असेल आणि कार्ड १६० रंगवू शकत असेल, तर दिसतील ९०. अशा वेळी आणखी भारी कार्ड घेऊन काहीच मिळत नाही.

पडदा बदलला की हे गणित पालटतं. १०८०पी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६,८६,४००, आणि ४केवर ८२,९४,४००, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. रिझोल्यूशन वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून १०८०पीवर २४० हर्ट्झनं ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याला चांगला प्रोसेसर हवा, आणि ४केवर रे ट्रेसिंग लावून ‘सायबरपंक २०७७’ खेळणाऱ्याला कार्ड. दोघांचं बजेट सारखं असलं तरी यादी सारखी नसावी. ‘बजेटच्या अमुक टक्के कार्डावर’ असली सूत्रंही मी मानत नाही. २०२१ साली क्रिप्टोमुळे आणि चिपटंचाईमुळे कार्डांचे भाव असे भडकले, की सगळे टक्के कोलमडले.

पुढच्या ओळी छोट्या, पण इथंच बरेच पैसे वाया जातात. रॅम एकाच्या जागी दोन काड्यांत घ्यायची, म्हणजे मेमरीचे दोन्ही रस्ते वापरले जातात. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायचं, नाहीतर वेगवान म्हणून घेतलेली रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६०वर तर नाही ना, हे बघायचं. आणि कॅबिनेट घेताना काचेआधी हवेचा विचार. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा थंड देशात केलेल्या रिव्ह्यूमधलं तापमान तुमच्या कामाचं नाही.

घरी मशीन असेल तर नवं काही घ्यायच्या आधी एक चाचणी फुकटात होते. फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करा, आवडता खेळ लावा, रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं. जागच्या हलल्या नाहीत तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून कळतं की पैसे कुठल्या ओळीवर लावायचे.

पूर्ण तोल कुठल्याच मशीनमध्ये नसतो. खेळ बदलला की गळा दुसरीकडे सरकतो, आणि ते चालायचंच. यादी तपासताना मी प्रत्येक ओळीपाशी एवढंच विचारतो, की हा भाग कुणाची वाट बघणार आहे आणि कुणाला वाट बघायला लावणार आहे. मुलाला किंवा मुलीला याचं उत्तर देता आलं, तर यादी बरोबर आहे, भाग सगळ्यात महाग नसले तरी. आणि नाही देता आलं, तर ऑर्डर आणखी दोन दिवस थांबवावी. पैसे कुठं पळून जात नाहीत.